नऊ वाणांचं पान

शाहूपुरी, कोल्हापूर
२ डिसेंबर

प्रिय आक्काताईस,
दादूचा सप्रेम जयभीम.

ठण ठण ठण. मग जरा थांबून, ठण. भाताला पाखरं पडली की तू शेतातल्या माळ्यावर उभी राहून पत्र्याचा डबा बडवायचीस, तो आवाज आज सकाळपासून कानात आहे. खाली बांधावर बसून मी पुस्तकातल्या कविता मोठ्यानं घोकायचो आणि एखादी ओळ चुकली की वरून तू सांगायचीस. शाळेचं तोंड न बघता सगळ्या कविता तुला पाठ. मला शाळेत जाता यावं म्हणून तू पाखरं हाकत राहिलीस, हे कळायचं तेव्हा वय नव्हतं. पुढं वय झालं, तरी कळलं नाही.

आपण बोललो नाही त्याला बारा वर्षं झाली. हे पत्र तुझी सून वाचून दाखवील. सोनमला सांग, मामेसासऱ्याची लाज राखायला एकही ओळ गाळू नको.

इकडं सगळं ठीक. गुडघे तेवढे माझं ऐकत नाहीत. माझी नात संघप्रिया सरकारी वेबसाईटच्या कामावर लागली आहे. आता सरकार बदलणार. नवे मंत्री शपथ घ्यायच्या आत वेबसाईटचं पान न् पान तपासायचा हुकूम आला. प्रत्येक पानापुढं तीन रकाने: ठेवा, बदला, काढा. जुन्या मंत्र्यांचे फोटो, संदेश सगळे उतरवायचे. पानं हजारावर आणि माणसं चार, म्हणून मराठी वाचायला पोरीनं मला बसवलं. चाळीस वर्षं वह्या तपासलेला माणूस मी, मला तर सणच.

परवा वाचता वाचता आपलं पान निघालं. काळा जिरगा, तांबसाळ, घनसाळ... मडक्यात राख घालून तू जपलेलं भाताच्या नऊ वाणांचं बी. वर मंत्र्यांचा फोटो, आणि पुढं आधीच खूण केलेली: 'काढा'. वरचा फोटो बघायचा, खाली उतरायचं नाही आणि खूण करून मोकळं व्हायचं, अशी तिथं रीत पडली होती.

काल चष्मा पुसला आणि तडक ऑफिस गाठलं. तिथले प्रमुख धैर्यशील साहेब. म्हणाले, "गुरुजी, फोटो हाय म्हंजे पान गेलं. संध्याकाळी सगळं बंद करायचंय."

"फोटो काढा की साहेब. भात कुठल्या पक्षाचं हाय?"

सगळी हसली. साहेबही हसले आणि त्या पानाचा छापील कागद पुढं सरकवला. पान ठेवायचं तर मजकूर खरा असल्याची माहितगाराची सही पाहिजे. "तुमचंच नाव हाय की पानावर. करा सही."

तिथं माझा हात थांबला.

आक्का, बारा वर्षांमागं तुला मी सांगितलं होतं, या पानासाठी भरलेल्या फॉर्मची चूक झाली. 'माहिती देणारा' या जागी मी माझं नाव घातलं आणि त्यांनी ते 'बियाणं राखणारा' म्हणून छापलं. ते खोटं. दोन्ही जागी मीच माझं नाव लिहिलं होतं, स्वच्छ, वळणदार अक्षरात. तू चुलीपाशी बसून एकेका वाणाची हकिगत सांगत होतीस आणि मी मनात सत्काराचं भाषण जुळवत होतो. शाल मिळाली, टाळ्या मिळाल्या. पुढच्या रांगेत तू होतीस. उठलीस, आणि माझ्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावणार नाही म्हणून निघून गेलीस.

सही केली असती तर पान वाचलं असतं आणि खोटं पक्कं झालं असतं. गप्प बसलो असतो तर पान गेलं असतं, त्याबरोबर माझं खोटंही. खरं सांगतो, तो मोह झाला. समोर संघप्रिया होती. माझा शालीतला फोटो लहानपणापासून मैत्रिणींना दाखवत आलेली पोर. तिच्यादेखत उभा राहिलो.

"साहेब, 'बदला'वर खूण करा. बियाणं माझ्या बहिणीनं राखलं. मी नुसतं तिचं नाव चोरलं."

मग साहेबांनी स्वतःचं पेन माझ्या हातात दिलं. "गुरुजी, स्वतःचं नाव खोडायला आलेला माणूस पहिल्यांदाच बघतोय. खोडा."

खोडलं, आक्का. वहीतली चूक खोडावी तसं, एका रेघेत. संध्याकाळी पान नव्यानं झळकलं. फोटो नाही, संदेश नाही. पहिलीच ओळ: नऊ वाण राखणारी, आक्काताई. मी ती इतक्यांदा मोठ्यानं वाचली की शेजारपाजारचे विचारायला आले, काय झालं. सगळ्यांना साखर वाटली. आयुष्यभर कविता घोकल्या, पण एवढी गोड ओळ कधी तोंडात आली नव्हती. संघप्रिया माझ्याशी रात्रभर बोलली नाही. सकाळी चहा दिला आणि तो फोटो भिंतीवरून काढून ठेवला. बरं केलं.

शाल ट्रंकेतच आहे. एकदाही पांघरली नाही. पत्रासोबत तीही पाठवणार...

दारावर कुणीतरी काठी वाजवतंय. तीन ठोके. मग जरा थांबून, एक.

संघप्रिया दार उघडायला गेली. पोरीनं ते पान कालच सोनमच्या फोनवर धाडलं असणार. बाहेरून आवाज येतोय.

"आत न्हाय यायची मी. उंबऱ्याला पाय लावणार न्हाय म्हटलंय. त्यालाच भाईर बोलीव. यष्टीत कंबर मोडली माझी."

तर आता हे पत्र टपालात पडत नाही, आणि सोनमलाही वाचायला लागत नाही. पायरीवर तुझ्याशेजारी बसून मीच वाचतो, शेवटपर्यंत. कुठं चुकलो तर सांग.

शाल घेऊन उंबऱ्याबाहेर येणारा, तुझा
दादू