चंद्राच्या पाठीमागचा प्लॉट आणि लोहाऱ्याची गच्ची

मी, श्रावण तुकाराम मुनेश्वर, वय चौऱ्याहत्तर, धंदा साउंड सर्व्हिस, जन्म केळापूरचा, राहणार लोहारा, यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. पन्नास वर्षं भोंग्यांशेजारी काढूनही कान शाबूत कसे, हे त्यांना कळलं नाही, मलाही नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. एकाने टाकून पाहिला, त्याबद्दल कलम पाचमध्ये.

माझी सर्व मिळकत स्वकष्टाची आहे. वडिलांनी मला एक सायकल दिली. तिच्यावर बॅटरी आणि भोंगा बांधून मी गावोगाव सिनेमाच्या जाहिराती ओरडत फिरलो, त्यातून पुढचं सगळं झालं. सबब कोणाला काय द्यायचं हे ठरवायचा हक्क माझा.

१. तळमजल्याचं घर आणि बँकेतली ठेव पत्नी सौ. नलू हिची. तिच्यानंतर घर मुलगा धम्मदीप याचं.

२. साउंड सर्व्हिसची गाडी, भोंगे, अ‍ॅम्प्लिफायर धम्मदीपला. आवाज किती ठेवायचा हे आजवर मी सांगत आलो. पुढे शेजारी सांगतील.

३. बालमित्र देवीलाल पवार याने १९९१ साली भाच्याच्या लग्नात माझा माइक नेला, तो अजून आणतोच आहे. तो माइक त्याला कायमचा दिला. त्यावर त्याने गाऊ नये, एवढीच अट. वाटा मिळतो म्हणून त्याला साक्षीदार करता येत नाही. याचा त्याला राग येईल, तोही त्याने ठेवून घ्यावा.

४. चंद्रावरचा एक एकर. चंद्रावर कोणाच्या बापाचा सातबारा निघत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी घेतला, त्याचं कारण नात पायल, धम्मदीपची मुलगी. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तिने गच्चीवर दोन पाइपांमध्ये तार ताणून, रेडिओ जोडून, गुरू ग्रहाचा आवाज पकडायचं ठरवलं. एका संध्याकाळी रेडिओ कडकडला. पोरगी नाचली आणि रेकॉर्डिंग स्पर्धेला पाठवायला बसली. मी डोळे मिटून ऐकलं. कडकड, मग शांत, मग हातोडीचे तीन ठोके, पुन्हा कडकड. म्हटलं, "बाई, हा गुरू नाही. शेजारचा घनश्याम ग्रिलले वेल्डिंग करून राह्यला. गुरू तंबाखू मळायले थांबत नाही."

दोन दिवस ती पुस्तकांत डोकं खुपसून बसली. तिसऱ्या दिवशी सांगायला आली, की माणसाचा गोंगाट पोचत नाही अशी जवळात जवळची जागा म्हणजे चंद्राची पाठ. चंद्र आपल्याकडे कायम एकच तोंड ठेवतो. त्याच्या पाठीवर उभं राहिलं तर पृथ्वी कधीच दिसत नाही, आणि अख्खा चंद्र आडवा असल्याने आपले मोबाइल, रेडिओ, वेल्डिंग काही तिकडे जात नाही. तिथे तार ताणली तर विश्वातला पहिला तारा पेटायच्या आधीची कुजबुजसुद्धा पकडता येईल म्हणते. भोंगेवाल्याच्या घरात हे ऐकून मी गार झालो.

पुढे चांद्रयान उतरलं आणि एक एजंट चंद्रावरच्या प्लॉटचे रंगीत कागद विकत आला. देवीलालने पुढच्या बाजूचा घेतला. "येड्या, माहा प्लाट अंगनातून दिसते," म्हणाला. मी पाठीमागचा मागितला. एजंट म्हणाला, मागे कायम अंधार असतो. पायलने त्याला बसवून समजावलं, की तिकडेही चौदा दिवस ऊन आणि चौदा दिवस रात्र असते. हवा नाही म्हणून भर उन्हातही आभाळ काळं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि भाव वाढवला.

चतुःसीमा: पूर्वेस खड्डा, पश्चिमेस खड्डा, दक्षिणेस खड्डा, उत्तरेस काय ते एजंटला माहीत नाही.

ही जागा मी नलूला देतो. माझ्या भोंग्यांपायी तिची पन्नास वर्षं झोपमोड झाली. तिला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "तथी पाणी हाय का?" मी म्हटलं, ध्रुवाकडं बर्फ हाय म्हंतात. "मंग तुमीच जा आनायले," म्हणाली.

५. गच्ची. घनश्यामचं दुकान बंद असलेल्या एका रविवारी खरा गुरू बोलला. सुपात तुरी पाखडल्यासारखा आवाज. पायलने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि तिने वही उघडून वेळ लिहिली. आता ती शेवटच्या वर्षाला आहे. पुण्याला एम.एस्सी. करून आभाळ ऐकण्याचंच शिक्षण घ्यायचं म्हणते. धम्मदीपचं म्हणणं, तिने इथेच राहून बँकेची परीक्षा द्यावी आणि गच्ची मोबाइल टॉवरला द्यावी. तो मला म्हणाला, "बाबा, आभाळ आयकून पोट भरते का?" मी म्हटलं, लोकायले आयकवून आपलं भरलंच ना.

म्हणून असं ठरवतो. जिना आणि तारेसह गच्ची पायलची. तिच्यावर टॉवर लावता येणार नाही. मात्र एम.एस्सी.ची पदवी तिच्या हाती पडेल त्या दिवसापासून गच्ची धम्मदीपची. मग त्याने एक सोडून दोन टॉवर उभे करावेत, कारण तोवर पोरीला याहून शांत जागा सापडलेली असेल. मी तेव्हा जिवंत असलो, तर त्याच दिवशी त्याला गच्चीचं बक्षीसपत्र करून देईन. तिला जाऊ दिलं नाही, तर गच्ची कायमची तिची आणि टॉवर कधीच नाही. नापास झाली तर पुन्हा बसवावी. मुदत घातलेली नाही.

हा मसुदा काल धम्मदीपला वाचून दाखवला. हे कलम त्याने दोनदा वाचायला लावलं. "तुमी लय पोचेल मानूस आहा, बाबा," म्हणून उठून गेला. आज सकाळी चहाला बसलो असताना त्याने माझ्याकडे न पाहता पायलला विचारलं, "त्या पुन्याच्या फारमाची शेवटची तारीख कोनती हाय वं?"

कपात फिरणारा तिचा चमचा थांबला, तेवढं मी ऐकलं. मग तिने तारीख सांगितली.

तरीही कलम पाच मागे घेत नाही. फॉर्म भरणं वेगळं, पदवी वेगळी.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचला, माइकशिवाय.

ठिकाण: लोहारा, यवतमाळ
दिनांक: १२ मार्च २०२५

सही: श्रावण तुकाराम मुनेश्वर

साक्षीदार:
१. घनश्याम आडे, ग्रिल व वेल्डिंग काम, लोहारा
२. सौ. मैनाबाई घनश्याम आडे, लोहारा