तुझ्या वाट्याची भाजी

आई, आज तुझ्यावरचा राग काढायला बसले आहे. काल मलाही डायबेटिस निघाला. रक्तात चरबीही वाढली आहे म्हणे. डॉक्टरीण तरुण आहे, समजावून बोलते. "आजी, भात कमी करा. गवार, भेंडी, मेथी, दोडका भरपूर घ्या. त्यातल्या चोथ्यामुळे साखर रक्तात सावकाश चढते, कोलेस्टेरॉल उतरायलाही मदत होते." मी मान डोलावली आणि बाहेर येऊन जिन्यातच थांबले. लालबागच्या दवाखान्यात तुझा पदर धरून मी जवळजवळ हेच ऐकलं होतं. तेव्हाचे डॉक्टर तुला म्हणाले होते, "बाई, पोट भातानं नका भरू, भाजीनं भरा."

त्या संध्याकाळी तू गवार केलीस. बाबा गिरणीतून आले, दोन्ही काका आले, पुरुषांची पानं मांडली. तू हळूच विचारलंस, "माझ्यासाठी वाटीभर बाजूला काढू का? डॉक्टरांनी सांगितलंय." बाबा मान वर न करता म्हणाले, "घरात इतकी माणसां जेवतत, तुकाच येगळी भाजी कित्याक?" काका हसले. तूही हसलीस. ते तुझं हसू मला अजून सहन होत नाही. टोप त्यांच्यापुढेच रिकामा झाला, आणि तू शेगडीपाशी बसून भात आणि आमटीचं पाणी जेवलीस. पुढे रोज तेच.

आणि हीच तू संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात बायकांच्या पुढच्या रांगेत असायचीस. पोलिसांनी लाठ्या उगारल्या तेव्हा बाकीच्या मागे सरल्या, तू भर रस्त्यात मांडी घालून बसलीस. शेजारची मावशी चाळभर सांगत फिरली होती. सरकारपुढे हटली नाहीस, आणि घरात वाटीभर गवारीसाठी पुन्हा तोंड उघडलं नाहीस. का गं?

मग एका मोर्च्यात चपलेचा खिळा पायात गेला. साधी जखम, पण भरेना, काळी पडत गेली. इस्पितळात पाय कापायचं ठरेपर्यंत विष अंगात भिनलं होतं. राज्य मिळालं तेव्हा चाळीत पेढे वाटले. बाबांनी एक तुझ्या फोटोपुढे ठेवला. पेढा, तुझ्यापुढे. मी तो उचलून मोरीत फेकला. बाबांनी मला मारलं. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. लोक अजून तुला सोशिक म्हणतात. त्या शब्दाची मला चीड येते. तो ऐकत ऐकत मी आईवाचून वाढले.

हे पत्र कुठे पाठवणार? कालपासून घरात तुझाच विषय काढतेय, म्हणून मघाशी बाजारात निघताना सून म्हणाली, "तुमच्या आईंना कुठली भाजी आवडायची? तीच आणते." मी म्हटलं, काहीही आण. मला माहीतच नाही, आई. तुला भाजी खाताना मी कधी पाहिलेलंच नाही.