मागच्या खोलीची अट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, नकाशांच्या कचेरीत एकतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसे लिहून दिले आहे. तो कागद माझ्या धाकट्या दिरांना जरूर दाखवावा. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्यांनी आणून पाहिला त्यांचा उल्लेख त्या त्या कलमात आहे.

१. राहते घर आणि बँकेत असेल ते मुलाला. यावर वाद नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

२. धाकट्या दिरांना मी केलेली पहिली खुर्ची. साठाव्या वर्षी मी खुर्च्या करायला शिकू लागले तेव्हा घरभर पाहुणे असताना ते म्हणाले, "वहिनी, कचेरीतली खुर्ची सुटली म्हणून आता घरी करणार का?" सगळे हसले. मीही हसले, ते माझे चुकले. खुर्ची त्यांनी बैठकीत ठेवावी. बसायचे असल्यास स्वतःच्या जबाबदारीवर बसावे.

३. लाकूड तासायचा दोन मुठींचा सुरा, तीन पटाश्या, गिरमिट आणि पायाने दाबून लाकूड धरणारा बाक सुनेला.

ही हत्यारे मला मिस्त्रींनी दिली. ते आमच्या गल्लीच्या टोकाला खुर्च्या करीत. खिळा नाही, सरस नाही. पहिल्या दिवशी त्यांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले. "बाई, पेन धरलेला हात आहे. बघू." वर्षभर मला नुसते तासायला लावले.

मग मी जोडणीला लागले. लाकूड चांगले वाळलेले हवे, हे कोणीही सांगेल. मी सगळे खडखडीत वाळवले. सहा खुर्च्या केल्या. सहाही वर्षाच्या आत डुगडुगू लागल्या. सातव्या वेळी मिस्त्रींनी माझे आडवे दांडे शेगडीवरच्या गरम वाळूत पुरले आणि पाय वाळण्याआधीच ओल्या गोणपाटात गुंडाळले. दांडा पुरता कोरडा, पाय किंचित ओला. ठोकला की कोरडा टण वाजतो, ओला धप. जोडल्यावर पाय वाळतो, आवळतो आणि दांड्याला धरून ठेवतो. एवढेच.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही लिहून घेतलं असतं."

दोन महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना जाऊन आता चार वर्षे झाली. तो राग मी येथे सोडून देत आहे. त्यावर कोणाचा वारसाहक्क नाही.

४. मागची खोली घरातून वेगळी काढून लिहीत आहे. तेथे सून तीन वर्षे माझ्यापाशी शिकते आहे. मुलाला ती खोली त्याच्या दुकानाच्या मालासाठी हवी आहे. मुलगा वाईट नाही. रिकामी जागा दिसली की त्याला खोकी दिसतात.

"आई, तिची चार दिवसांची हौस आहे."

"तीन वर्षं झाली."

"तू शेजारी असतेस म्हणून. तू नसलीस की एक खुर्ची उभी राहायची नाही."

यात तथ्य होते. सहा खुर्च्या वाया जाऊ नयेत म्हणून मी तिला पहिल्याच दिवशी सगळे सांगून टाकले होते, आणि ती दर पावलाला विचारी, "आई, आता?" म्हणून मी येथे अट घातली: मार्चअखेर तिने एक खुर्ची एकटीने पुरी केली तर खोली तिची, नाहीतर मुलाची. दोघांना वाचून दाखवली. सून म्हणाली, "चालेल." मुलाने टेप आणून भिंती मोजल्या.

मग माझे खुब्याचे हाड मोडले. इस्पितळात तीन आठवडे होते. वीस मार्चला सून डबा घेऊन आली. पिशवीतून खुर्चीचा एक पाय काढून तिने पलंगाच्या लोखंडावर ठोकला. टण.

"तुमच्या ऑपरेशनच्या धावपळीत गोणपाट भिजवायचं राहिलं. चारही पाय गाभ्यापर्यंत वाळले, आता भिजवले तर नुसते वरवर ओले होतील."

"सरस लावून जोड." ती काय करते ते मला पाहायचे होते.

"उभी राहील. वर्षभर तुम्हालासुद्धा कळणार नाही."

"मग?"

"मग कुणीतरी पडेल."

"अकरा दिवस उरलेत."

"नवा ओंडका फोडून तेवढ्यात होणार नाही."

"खोली जाईल."

"जाईल. जेवून घ्या, गार होतंय."

मी जेवले. त्या सबंध वेळात तिने एकदाही "आई, आता?" असे विचारले नाही.

वरील अट मी खोडत आहे. मागची खोली सुनेची, कोणत्याही अटीशिवाय. मुलाला हे मी आधीच सांगितले आहे.

"म्हणजे हरली तरी तिचीच?"

"हो."

तो म्हणाला, "खोकी जिन्याखाली बसतील. मोजलंय मी." केव्हा मोजले ते मी विचारले नाही.

५. काल सुनेने नवा ओंडका फोडला. मी पलंगावरून ऐकत होते. पाचर दोनदा अडली, तिसऱ्यांदा फाट सरळ गेली. या खुर्चीचे काय लिहायचे, असे हा कागद तपासणाऱ्या वकीलबाईंनी विचारले. काही नाही. ती तिची आहे. देईल त्याला देईल.

कलम चारमधील अट मीच खोडली आहे व शेजारी सही केली आहे. वाचता यावी अशीच खोडली आहे.

खालील दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. यातून त्यांना काही मिळायचे नाही.

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार: १. खुब्याचे हाड बसवणारे डॉक्टर
२. ग्रंथालयाच्या बाई. यांना वाचनाच्या खोलीसाठी सहा खुर्च्या हव्या आहेत. सुनेने त्यांना थांबायला सांगितले आहे. त्या थांबणार आहेत.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ४ एप्रिल