काळ्याची चाल

बाबूजी, लांबण लावायची मले सवय नाही, तुमाले माहीत आहे. सरळ तुमच्या शेवटच्या डावाचं लिहिते.

कोहमाऱ्याच्या आपल्या ढाब्यावर गिऱ्हाईक नसलं की तुम्ही बाजेवर बुद्धिबळाचा पट मांडत होते. मी चौथीत शाळा सोडली, पण घोड्याची अडीच घरं तुम्ही मले रोट्या शेकता शेकता शिकवली. काळी मोहरी नेहमी तुमची. उंट कोपऱ्यात बसवायचा आणि तिथून तिरपा डोळा माझ्या राजावर ठेवायचा. मोबाईलवर आता समजलं, त्या बचावाले ड्रॅगन म्हणतात. बचाव कसला, दबा धरून बसणं ते! मी राजा दुसऱ्या बाजूले हलवून काठाचं प्यादं हाकत सुटायची. तुम्ही हसायचे, "काऊन पळून राहिली वो? कोन लागलं तुझ्या मागं?" "तुम्हीच लागले ना," मी म्हणायची. आणि दर वेळी हरायची. माझं प्यादं रस्त्यातच असायचं, तुमचा हत्ती माझ्या दारात.

तुमच्या आजारपणात मी सासरहून आली तेव्हा आपण शेवटचे खेळलो. त्या दिवशी काठाची पट्टी मोकळी झाली. तुमच्या राजाकडं जायची माझी वाट अडवून उभा असलेला तुमचा घोडा मी हत्तीनं मारला. प्याद्यानं तो हत्ती घेतला की माझा वजीर आत, मात. तुम्ही पटावरून नजर हलवली नाही.

"दम धर. पाहून राहिलो ना मी."

"किती पाहता? मले का दुसरे कामं नाहीत?" असं म्हणून तुमचं प्यादं मीच उचललं, माझा हत्ती मारला आणि दोन चालीत मात केली. तुम्ही रागावले नाही. "ते चाल माझी नव्हती," एवढंच म्हटलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. पट पुन्हा निघालाच नाही. पंधरा दिवसांत तुम्ही गेले.

आता घरचे, पोराचे बाबा, नाहीत, पोरगा नागपूरले. मोबाईलवर अनोळखी लोकांशी खेळते, जिंकते. पण टोमणा मारावा तर कोणाले? हरला की समोरचा मुकाट निघून जातो, 'आणखी एक डाव बस' म्हणत नाही. मग मी तुमचा पट काढते, तोच डाव मांडते. काळ्याची चाल आली की उठून तुमच्या बाजूले जाऊन बसते.

तुमची चाल मले माहीत आहे. माझ्या हत्तीले हातच लावायचा नाही. तुमचा हत्ती सरळ आणून माझ्या राजापुढचा घोडा मारायचा. मग पळायची पाळी माझी होती.

पोराले सांगितलं, हे मले एवढ्या वर्षांनी सुचलं. खोटं सांगितलं. तुमची नजर माझ्या त्या घोड्यावर थांबली ते मी तेव्हाच पाहिलं होतं, म्हणून तर तुमच्या प्याद्याले हात घातला. तुमाले एकदा तरी हरवायचं होतं मले.