आई लोहाऱ्याला असते

लोहारा,
२० जानेवारी १९८३

तीर्थरूप दादास,
चांगुणाचा सविनय जयभीम वि. वि.

इकडं सगळे खुशाल. आमच्या ह्यांची जीप दोनदा बंद पडली, त्यामुळं घरात बोलायची सोय नाही.

पत्रास कारण, तुळजापूरच्या वृद्धाश्रमाला तेरा फेब्रुवारीला दहा वर्षं होतात. दुष्काळात सोसायटीच्या रिकाम्या गोदामात म्हाताऱ्यांना सुकडी वाटायला सुरुवात झाली, त्याचाच हा आश्रम झाला. पहिल्या दिवशी आलेल्यांपैकी आता आपली आई एकटीच उरली आहे. म्हणून लुगडं देऊन तिचा सत्कार करणार आहेत. तालुक्यातल्या सगळ्या सोसायट्यांना पत्रिका जाणार, म्हणजे तुमच्या तामलवाडीलाही. त्यात ‘मथुराबाई, तामलवाडी’ असं आईचं नाव गावासकट छापलंय.

दादा, आई माझ्याकडं लोहाऱ्याला असते असं तू दहा वर्षं गावाला सांगत आलास. लेकीच्या दारात म्हातारपण काढायचं नाही म्हणून ती माझ्याकडं चार दिवसही टिकत नाही, हे तुला ठाऊक आहे. आता काय करणार ते कळव. वहिनींना जयभीम. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

तुझी,
चांगुणा

---

तामलवाडी,
२७ जानेवारी १९८३

चि. सौ. चांगुणास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पत्रिकेतून नाव काढता येईल का, ते बघ.

मला आईला टाकायचं नव्हतं गं. दुष्काळात मी खडीच्या कामावर हजेरी कारकून, तुझी वहिनी त्याच कामावर, आणि आईचा पाय मोडलेला. मिरगाचा पाऊस पडेपर्यंत राहा म्हणून तिला तिथं ठेवलं. मग शाळेची नोकरी लागली, आई तिथं रुळली, आणि मीही फार आग्रह केला नाही. हे खरं आहे, ते तुझ्यापाशी कबूल करतो. गावात पहिल्यांदा कुणी आई कुठं विचारलं तेव्हा तोंडातून लोहारा निघून गेलं. एकदा म्हटलं की तेच म्हणत राहावं लागतं. दर महिन्याला तिला भेटतो, पण तालुक्याला शाळेचं काम आहे असं सांगून.

कालच सव्वीस जानेवारीला मी पोरांपुढं आईबापांच्या सेवेवर बोललो. टाळ्या पडल्या. आता हेच लोक तोंडात शेण घालतील. त्या दिवशी मी येणार नाही. रागावू नकोस. मुलांना पापे.

तुझा,
आबाराव

---

लोहारा,
४ फेब्रुवारी १९८३

तीर्थरूप दादास,
सविनय जयभीम.

पत्रिका वाटून झाल्या. मी आईला भेटून आले. तू येणार नाहीस हे तिला सांगितलं. ती म्हणाली, आबाला म्हणावं काळजी करू नगं, म्या त्या दिवशी ताप आलाय म्हणून पांघरूण घेऊन पडते, लुगडं दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं.

दादा, अर्ध्या तामलवाडीची बाळंतपणं केलेली, पोरांची दुखरी पोटं चोळलेली बाई आहे ती. कुणाच्या दारात तोंड लपवून गेली नाही, आणि आता तुझ्यासाठी पांघरुणात तोंड लपवणार. तू गुरुजी आहेस, मी काय शिकवणार तुला? माझ्या धाकट्याला कांजिण्या निघाल्यात, मला जाता येणार नाही. तू जा. यापुढं लोभ ठेवायचा की नाही, ते तेरा तारखेनंतर कळवीन.

चांगुणा

---

तामलवाडी,
२० फेब्रुवारी १९८३

चि. सौ. चांगुणास,
अनेक आशीर्वाद.

गेलो होतो. कुणी ओळखू नये म्हणून पटका बांधून मागच्या रांगेत बसायचं ठरवलं होतं. फाटकातून आत शिरलो तर अर्धी तामलवाडी सतरंजीवर बसलेली. आपल्या शेजारची सरुबाई नातू घेऊन पुढंच. मी परत फाटकाकडं वळलो.

सरुबाईच उठून आली. म्हणाली, गुरुजी, आमी नऊ वर्सं हितं येतोय. बाजारला आलो की लेकरांची पोटं मथुराबाईला दावल्याबिगर गाडीत बसत न्हाय. तिनंच शपथ घातली होती, की माझ्या आबाला कळू देऊ नका, त्याला लई लागंल.

चांगुणा, ही सगळी माणसं मला पारावर विचारायची, गुरुजी, आई कशी हाय लोहाऱ्याला? मी सांगायचो, बरी आहे. आणि हीच माणसं आदल्याच दिवशी आईपाशी चहा पिऊन आलेली असायची. माझी अब्रू राहावी म्हणून विचारायची. लाजेनं मान वर होईना, आणि तरी दहा वर्षांचं ओझं उतरल्यासारखं इतकं हलकं वाटत होतं, की मी तिथंच रडलो.

मग आईच्या खोलीत गेलो. ती खरंच पांघरूण घेऊन पडली होती. मी ते काढलं, तिचा हात धरला आणि मांडवात घेऊन गेलो. लुगडं हिरवं आहे. म्हातारीला रंग फार आवडला, पण लोकांपुढं चांगलं आहे म्हणेना.

घरी चल म्हणालो. आली, पण आठच दिवसांसाठी. तिथल्या सहाजणींचे पाय तिच्या हातच्या तेलाशिवाय चालत नाहीत म्हणे. तिला राहायचंय तिथंच. मीही आता हट्ट धरत नाही.

उद्या सकाळच्या एसटीनं तिला सोडायला निघतो. फाट्यावर सगळं गाव असेल, आणि गुरुजी, आईला घेऊन कुठं, असं कुणीतरी विचारीलच. मी सांगणार आहे, तुळजापूरच्या वृद्धाश्रमात, आई तिथं असते.

लोभाचं काय ठरलं ते कळव.

तुझा दादा,
आबाराव