कोपऱ्यातला खांब

चि. छोटीस,

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. माझ्या लेकीला बॅले शिकवायला तू येणार नाहीस, कारण "गिरकीत माझीच मान चुकते, मी काय शिकवणार!" वीस वर्षं तेच पालुपद!

अगं, इथे माझी दशा ऐक. 'प्लिए' म्हणजे गुडघे वाकवणं, हे मी आता शब्दरूपांसारखं घोकतो. 'पिरुएट' आली की लेक मला कोपऱ्यात उभं करते. गिरकी घेताना नजर एका जागी खिळवायची, मान सर्वांत शेवटी वळवायची. ती जागा म्हणजे माझं नाक.

"बाबा, हलू नका! आत्यासाठी नीट उभे राहायचात ना?"

राहायचो. वेदान्तातला साक्षीसुद्धा इतका निश्चल नसेल. फक्त तुझ्या परीक्षेला, तिसऱ्या गिरकीच्या वेळी, दारात एक मित्र दिसला म्हणून मी तिकडे सरकलो. तू पडलीस, घोटा मोडला. बाई गं, तुझी मान वेळेवरच वळली होती. समोर मीच नव्हतो.

हे लिहिण्याची ही चौथी खेप. आधीची तीन पत्रं जाड संस्कृत कोशात दडली आहेत. हलू नये तेव्हा हललो, आणि आता टपालपेटीपर्यंत पाय हलत नाहीत.

तुझा खांब,
दादा