ड्रॅगन मोठा केल्यावर

रविवार, संध्याकाळ. गोडदेव.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. मामा म्हणाले, "अरे, काय राहिलंय त्याचं? बोल काहीतरी." माझ्या तोंडून निघून गेलं, "सुहास, तुझं युद्ध मी पूर्ण करतो." कावळा आला. आता त्याची खेळाची वही घेऊन बसलोय.

सुहास, माझा धाकटा भाऊ, दर रविवारी मित्रांना जमवून हा युद्धाचा खेळ खेळायचा. गोष्ट तोच वहीत रचायचा; मित्र किल्ला राखायचे, शत्रूची बाजू तो चालवायचा. मी कधी लक्ष दिलं नाही. आज त्यांच्यातली प्राची भेटायला आली, तेव्हा विचारलं, शेवटी किल्ल्याची बाजू जिंकते कशी?

"नाही जिंकत, दादा. शेवटच्या डावात त्याने शत्रूचा ड्रॅगन असा वाढवला, की पंख पसरल्यावर अख्खा किल्ला सावलीत. आम्ही ओरडलो, अबे चीटिंग है ये! तो नुसता हसला."

अख्खा किल्ला सावलीत. त्याच आठवड्यात त्याच्या आजाराचा शेवटचा रिपोर्ट आला होता, आता उपाय नाही असं सांगणारा. तो आम्हाला काही सांगत होता का?

एवढ्या ड्रॅगनपुढे भाले, तटबंदी, सगळंच फुकट. मग किल्ल्याच्या सेनापतीने करायचं काय? मी वहीत लिहिलं: सेनापती म्हणाला, हत्यारं ठेवा, घरी जा, आपल्या माणसांजवळ बसा.

प्राची वाचून म्हणाली, "दादा, हे तर हरणं झालं."

असेल. मी सुहासला शेवटच्या दिवसापर्यंत लढ, लढ म्हणत राहिलो. त्याच्याजवळ नुसतं बसणं मात्र कधी जमलं नाही.